लेक डिस्ट्रिक्टमध्ये सायकल, गाड्यांच्या वाटेला न जाता

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या लेक डिस्ट्रिक्टचा नकाशा उघडला की सायकलवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं. लांबट निळी तळी, त्यांच्या कडेकडेने गेलेल्या तुटक हिरव्या रेघा, मध्ये जंगलाचे पट्टे. वाटतं, एका तळ्याला प्रदक्षिणा घालावी, हिरव्या रेघेने पुढच्या तळ्यावर उतरावं, चार दिवस मोटारीचं तोंड बघायला नको. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते इथे अक्षरशः. गाड्यांविना पट्टे आहेत, सुंदर आहेत, पण ते तुकडे आहेत. डोकं लावावं लागतं ते दोन तुकड्यांमधल्या सांध्यांना.

असं का, ते भूगोलातच आहे. या प्रदेशाच्या मधोमध उंच डोंगरांचा गठ्ठा आहे (स्कॅफेल पाइक, ९७८ मीटर, इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर) आणि त्यातून दऱ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर पसरतात. हिमनद्यांनी या दऱ्या खरवडून खोल केल्या आणि तळाशी लांब, अरुंद तळी राहिली. त्यामुळे तळ्याच्या काठाने जाणारी वाट जवळजवळ सपाट असते, पण दरीच्या शेंड्याला ती संपते. पुढच्या दरीत जायचं तर खिंड चढावी लागते, नाहीतर खाली उतरून वळसा. सायकलला सपाट आणि सलग वाट मिळते ती बहुधा जुन्या रेल्वेच्या कृपेने, आणि डोंगरांच्या गठ्ठ्यातून आरपार रेल्वे कधी गेलीच नाही. उत्तरेला केझिकवरून एक मार्ग आडवा गेला, पश्चिमेला लोहखनिजाच्या खाणींसाठी काही फाटे निघाले, विंडरमियर आणि कॉनिस्टनचे फाटे तळ्यापाशी येऊन थांबले. म्हणून सामान लादून फिरणाऱ्याने मोर्चा उत्तर आणि पश्चिम बाजूला वळवावा. दक्षिणेत विंडरमियरचा पश्चिम काठ आणि ग्रिझडेलचं जंगल सोडलं, तर उरतात ते अरुंद, दगडी भिंतींमधले आणि उन्हाळ्यात गाड्यांनी भरलेले रस्ते.

पश्चिमेचा किनारा: व्हाइटहेवन ते राऊरा

सस्ट्रान्स या संस्थेने १९९४ साली खुला केलेला सी-टू-सी, म्हणजे या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंतचा सुमारे २२५ किलोमीटरचा मार्ग, व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टनहून निघतो. रिवाज असा की निघताना मागचं चाक समुद्रात बुडवायचं आणि पलीकडे पोचल्यावर पुढचं. चाक जरूर बुडवा, पण लगेच बाटलीतल्या गोड्या पाण्याने चेन आणि मागचे गिअर धुऊन तेल लावा. खारं पाणी तसंच राहिलं तर सकाळपर्यंत चेनवर तांबूस थर धरतो.

व्हाइटहेवनहून सुटणारी रेल्वेवाट क्लीटर मूर आणि फ्रिझिंग्टनवरून राऊरापर्यंत जाते, साधारण १४ किलोमीटर. पूर्वी या मार्गाने तांबडं लोहखनिज खाली यायचं. भरलेल्या मालगाड्यांसाठी बांधलेली वाट, त्यामुळे चढ एकसारखा आणि सोसेल असा. समुद्रसपाटीपासून कधी वर आलो ते कळत नाही. पृष्ठभाग बहुतेक डांबरी, ३२ मिलिमीटरचे टायर पुरतात. त्रास होतो तो गावांजवळ. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असतात, आणि जिथे वाट रस्त्याला छेदते तिथे मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून लोखंडी अडसर उभे केलेले असतात. हँडल ६०० मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, किंवा पॅनियर (कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकवायच्या पिशव्या) बाहेर फुगलेल्या असतील, तर सायकल त्यात अडकते. सायकल थोडी उचलून हँडल एका बाजूला वळवून आधी पुढचा भाग काढायचा, मग मागचा. तेवढ्याने जमत नसेल तर सरळ पॅनियर उतरवा. जोर लावला की मागच्या कॅरिअरचा खालचा बोल्ट वाकतो.

एनरडेल: जाऊन परत यायची दरी

राऊराच्या पुढे सी-टू-सी कर्कलंडवरून लोझवॉटरकडे वळतो. बहुतेक लोक त्या बाणामागे निघून जातात आणि सगळ्यात चांगली दरी चुकवतात. कर्कलंडहून एनरडेल ब्रिज गावात उतरा, तिथून बोनेस नॉटच्या वाहनतळापर्यंत चारेक किलोमीटर शांत रस्ता आहे. वाहनतळापाशी सर्वसामान्य गाड्यांचं राज्य संपतं. पुढे एनरडेल वॉटरच्या उत्तर काठाने जंगलखात्याचा कच्चा रस्ता गिलरथ्वेटपर्यंत आणि तिथून लिझा नदीच्या कडेने दरीच्या शेंड्याला ब्लॅक सेलच्या झोपडीपर्यंत जातो. एका बाजूने अंतर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, चढ सुमारे १८० मीटर, त्यातला बराचसा शेवटच्या टप्प्यात. मेंढपाळांची ही जुनी झोपडी आता यूथ हॉस्टेल आहे. तिथे पायी किंवा सायकलनेच पोचता येतं.

या दरीचं गणित वाऱ्याचं आहे. दरी पूर्व-पश्चिम, तोंड पश्चिमेला समुद्राकडे, आणि इथला वारा बहुतेक पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. जाताना चढ असतो पण वारा पाठीशी असतो, म्हणून माणूस फसतो. ‘पंचेचाळीस मिनिटांत आलो, तीसात उतरू’ असा हिशेब केला जातो, आणि परतीला उतार असूनही तळ्याच्या काठाने पेडल मारत यावं लागतं. येण्याला जाण्याइतकाच वेळ धरा. वाहनतळाच्या पुढे दुकान नाही आणि मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

रस्त्यावर स्लेटचे धारदार तुकडे असतात आणि पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आडवे चर काढलेले असतात. वर चढताना ते जाणवत नाहीत, उतरताना जाणवतात. वेगात मागचं चाक चराच्या कडेवर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, साप डसल्यासारखी. पॅच लावायला बसलात आणि एकच भोक सापडलं, तर दुसरं त्याच्या शेजारी सेंटिमीटरभरावर हमखास असतं. तेवढं बघूनच ट्यूब आत घाला. उपाय दोन: टायर ३८ ते ४२ मिलिमीटरचे घ्या, आणि हवा गरजेपेक्षा कमी करू नका. माणूस, सायकल, सामान मिळून शंभर किलो असेल तर ४० मिलिमीटरच्या टायरला मागे ४५ आणि पुढे ३८ ते ४० पीएसआय ठीक. कच्चा रस्ता म्हणून ३० वर आणणारे लोक भेटतात. ते ट्यूबलेसवाल्यांचं ऐकून तसं करतात, पण भरलेल्या सायकलच्या ट्यूबला ते मानवत नाही.

आता मघाच्या हिरव्या रेघांकडे. ब्लॅक सेलच्या झोपडीपासून नकाशावर दोन रेघा पुढे जातात: एक उत्तरेला स्कार्थ गॅप ओलांडून बटरमियरला, दुसरी दक्षिणेला ब्लॅक सेल खिंडीतून वॉसडेलच्या बाजूला. दोन्ही ब्राइडलवे, म्हणजे घोडेस्वारांसाठीच्या जुन्या वाटा आहेत, त्यामुळे सायकल न्यायला कायद्याची आडकाठी नाही. प्रत्यक्षात दोन्हीकडे दगडी पायऱ्या आणि सुटे धोंडे आहेत. भरलेली टूरिंग सायकल तिथे चालवता येत नाही, खांद्यावर घेता येत नाही, आणि ढकलताना प्रत्येक पायरीवर पेडल नडगीवर बसतं. ब्लॅक सेलहून परत फिरायचं, हे घरीच ठरवून निघा.

रेघांचा कायदा थोडक्यात

१९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये सायकलस्वारांना ब्राइडलवेवर चालवायचा हक्क दिला, पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची या अटीवर. फुटपाथला, म्हणजे फक्त पायवाटेला, तो हक्क नाही. जागेवर ओळखायचं बाणांच्या रंगावरून: पिवळा बाण पायवाट, निळा ब्राइडलवे, जांभळट म्हणजे मोटारींना बंद पण सायकलला खुली बायवे, तांबडा म्हणजे सगळ्यांना खुली. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० नकाशांवर आखूड हिरवे तुकडे पायवाटेचे आणि लांब हिरवे तुकडे ब्राइडलवेचे. सगळा प्रदेश ओएल ४, ५, ६ आणि ७ या चार पत्रकांत बसतो. व्हाइटहेवनजवळचा किनारा सोडला तर इथे सांगितलेल्या उत्तर-पश्चिमेच्या बहुतेक वाटांना ४ पुरतं, पूर्वेकडच्या टोकाला ५ लागतं, विंडरमियरला ७.

निळा बाण हक्क सांगतो, पृष्ठभागाबद्दल काही सांगत नाही. पृष्ठभाग ओळखायचा तो समोच्च रेषांवरून. रेघ रेषांना समांतर जात असेल तर चालवता येण्याची शक्यता बरी. दर १० मीटरच्या रेषा खचाखच कापत रेघ सरळ वर जात असेल, तर तिथे पायऱ्याच समजा. नकाशावर एका सेंटिमीटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या २५० मीटरमध्ये, अशा चारपेक्षा जास्त रेषा कापल्या गेल्या की चढ १६ टक्क्यांच्या वर जातो, आणि ओल्या दगडांवर भरलेल्या सायकलचं मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

सांधा: व्हिनलॅटर

लोझवॉटर आणि लॉर्टनच्या बाजूने केझिकला यायचं तर व्हिनलॅटरची खिंड, ३१८ मीटर. हा रस्ता गाड्यांचा आहे, पण सांध्यांमध्ये सगळ्यात सोसणारा हाच. हाय लॉर्टनहून सुमारे सव्वादोनशे मीटर चढायचं असतं. हार्डनॉट खिंडीशी तुलना करा: उंची ३९३ मीटरच, पण चढ तीनास एक. तिथे रिकाम्या सायकलवरचे लोकही उतरून चालतात.

गिअरचा हिशेब इथेच करून घ्यावा. पुढे ३० आणि मागे ३४ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.९ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे, म्हणजे ताशी पावणेसात किलोमीटर. दहा टक्के चढावर शंभर किलो त्या वेगाने न्यायला पायांतून १८० वॅटच्या पुढे ताकद काढावी लागते. दिवसभर सामान ओढल्यावर बहुतेकांकडे ती उरत नाही. पुढे २६, मागे ३६ केलं की तोच फेरा दीड मीटरवर येतो, वेग साडेपाच आणि ताकद १५० वॅटच्या आसपास. पुढच्या चकतीचे चार दात कमी करायला लागतो एक क्रँकसेट किंवा नुसती लहान चकती. हलकी सायकल घ्यायला किती पैसे पडतात ते बघा आणि मग ठरवा.

माथ्यावर व्हिनलॅटरचं जंगल आहे. तिथल्या तांबड्या आणि निळ्या खुणांच्या अरुंद पाऊलवाटा माउंटन बाइकसाठी बांधलेल्या आणि बऱ्याच ठिकाणी एकदिशा आहेत, पॅनियर लावून त्यांत शिरू नये. जंगलातले रुंद रस्ते मात्र आपले, आणि त्यांनी थॉर्नथ्वेटकडे उतरलं की मुख्य उताराचा गाड्यांचा भाग टळतो. झाडतोड चालू असेल तर रस्त्यावर आडवा फलक लागतो. रविवारी यंत्रं बंद दिसली तरी फलक ओलांडू नका. रचलेले ओंडके घसरायला माणूस लागत नाही.

केझिक ते थ्रेलकेल्ड

(लिहितात केसविक, पण ‘केझिक’ म्हणायचं. तिकीटखिडकीवर उपयोगी पडेल.)

हा तुकडा जेमतेम पाच किलोमीटरचा, आणि अख्ख्या प्रदेशातला सर्वांत नीट बांधलेला. कॉकरमथ–केझिक–पेन्रिथ रेल्वेचा हा भाग १९७२ साली बंद पडला. मार्गाचा अभियंता थॉमस बाउच, ज्याचा टे नदीवरचा पूल १८७९ साली गाडीसकट कोसळला तोच. इथले त्याचे पूल शंभर वर्षांहून जास्त टिकले. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळात होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला, तो ब्रिटनमधला विक्रम आहे. ग्रेटा नदी फुगली आणि या वाटेचे दोन पूल आणि काठाचा काही भाग घेऊन गेली. नव्या पुलांसह वाट पुन्हा सुरू झाली डिसेंबर २०२० मध्ये, सुमारे ८० लाख पौंड खर्चून. त्याच कामात महामार्ग बांधताना सत्तरच्या दशकात गाडला गेलेला बॉबिन मिलचा बोगदाही उकरून मोकळा केला.

केझिकच्या जुन्या स्टेशनापासून निघायचं. थ्रेलकेल्डकडे सतत हलका चढ आहे, एक-दीड टक्क्याचा. डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. गुळगुळीत वाटेमुळे उलट दिशेने येताना वेग सहज पंचवीसवर जातो आणि तीच या वाटेवरची चूक आहे. इथे व्हीलचेअर, लहान मुलं, लांब दोरीवरचे कुत्रे, सगळे असतात. घंटी वीस-पंचवीस मीटर आधी वाजवा, अगदी पाठीशी येऊन नको. तेव्हा माणूस दचकून नेमका तुमच्याच बाजूला सरकतो. बोगद्यात शिरताना गडद चष्मा काढा.

थ्रेलकेल्डनंतर पेन्रिथकडे जाताना ए६६ या महामार्गाशी गाठ पडते. त्यावरून सायकल नेऊ नये. खुणा महामार्गाच्या कडेच्या वेगळ्या पट्टीवरून आणि मग मंग्रिसडेल, ग्रेस्टोकच्या बाजूच्या गावरस्त्यांवरून नेतात. त्या निमूटपणे पाळाव्यात. दक्षिणेकडून जुना कोच रोड डॉक्रेला जातो आणि नकाशावर मोहात पाडतो. चारशे मीटरच्या वर, मोकळ्या माळावर, चाकोऱ्यांमध्ये पाणी साठलेलं. कोरड्या आठवड्यात रुंद टायरवर मजेचा, भरलेल्या सायकलला आणि पावसात नाही.

विंडरमियरचा पश्चिम काठ

पूर्व काठावर हॉटेलं, बस, रांगा. समोर पश्चिमेला, फेरी हाउसपासून रे कासलपर्यंत, सुमारे साडेसहा किलोमीटर ओकच्या जंगलातून काठाने वाट जाते. सुरुवातीचा भाग डांबरी गल्लीचा, पुढे खडबडीत. एके ठिकाणी छोटा पण तीव्र, दगडगोट्यांचा चढ आहे, तिथे उतरून ढकलायचं. पानगळीत मुळांवर ओली पानं बसतात आणि चाक मुळाला तिरकं लागलं की बाजूला सरकतं. मुळं नेहमी काटकोनात ओलांडा. रे कासलहून हॉक्सहेड जवळ आहे आणि तिथून ग्रिझडेलच्या जंगलरस्त्यांना लागता येतं. तिथला पृष्ठभाग एनरडेलसारखाच, चढ मात्र जास्त आणि सारखे वरखाली.

सामान आणि झीज

इथला पाऊस म्हणजे गंमत नाही. बोरोडेलमधल्या सीथवेटला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. पाऊस अंगावर घेता येतो, पण तो स्लेटची भुकटी उडवतो आणि ही भुकटी ब्रेक खाते. डिस्क ब्रेकला रेझिनचे पॅड असतील तर ओल्या कच्च्या उतारांच्या एका दिवसात अर्धे झिजलेले सापडतात. सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून केलेले पॅड घ्या, थोडे किरकिरतात पण टिकतात, आणि एक जोडी जवळ ठेवा. आधी डिस्कवर सिंटर्ड चालतात का ते कोरलेलं असतं ते वाचा. काही स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन’ असं असतं. रिम ब्रेकवाल्यांनी रोज संध्याकाळी पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे चकचकीत कण सुरीच्या टोकाने काढावेत, नाहीतर तेच कण उद्या रिम कापतात.

कॅरिअरचे एम५ बोल्ट कच्च्या रस्त्यावर सैल होतात. निघण्यापूर्वी निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा, दोन जादा बोल्ट हँडलबारच्या पिशवीत टाका, आणि पहिल्या दिवशी दुपारी एकदा किल्ली फिरवून बघा.

फाटकांचंही एक तंत्र आहे. ब्राइडलवेवरची बरीच फाटकं आपोआप बंद होणारी असतात. तुम्ही पुढचं चाक आत घातलं की फाटक परत येऊन मागच्या पॅनियरवर आपटतं आणि तिची खालची आकडी सुटते. ते शंभर मीटरनंतर, पॅनियर स्पोकमध्ये गेल्यावर कळतं. म्हणून फाटक पाठीने पूर्ण उघडं धरा, सायकल पुढून फिरवून घ्या, आणि निघण्याआधी आकडी हाताने चाचपा. कडी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. पलीकडे हर्डविक मेंढ्या असतात, आणि एप्रिलच्या सुमारास त्यांच्यासोबत पिल्लंही.

रस्त्यात जिथे गुरं अडवायला लोखंडी नळ्यांची आडवी जाळी असते, तिथे काटकोनात, हँडल सरळ धरून, बुड सीटवरून जरा उचलून जायचं. जाळीवर ब्रेक नाही आणि वळण नाही. ओल्या नळीवर पुढचं चाक सरकलं तर सावरायला जागाच नसते.

यायचं-जायचं

वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेहून पूर्वेला. पहिला दिवस व्हाइटहेवन ते एनरडेल, ब्लॅक सेलला मुक्काम किंवा परत गावात. दुसरा लोझवॉटर, व्हिनलॅटर, केझिक. तिसरा थ्रेलकेल्डवरून पेन्रिथ. तीन दिवस, रोज पंचेचाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. आकडा लहान वाटतो, पण फाटकं, चर आणि ढकलणं धरून ताशी दहाच्या वर सरासरी पडत नाही. डिसेंबरात उजेड साडेसात तासांचाच असतो. जूनमध्ये सतरा तास, तेव्हा घाई नाही.

पेन्रिथ मुख्य रेल्वेमार्गावर आहे आणि तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. व्हाइटहेवनला जाणाऱ्या किनाऱ्याच्या छोट्या गाड्यांना आरक्षण नसतं, जागा दोनेक सायकलींचीच, आणि आधी येईल त्याची. चौघे असाल तर दोन गाड्यांत विभागून जा. विंडरमियरचा काठ जोडायचा असेल तर तळं ओलांडणाऱ्या तराफ्याची त्या दिवसाची स्थिती सकाळीच बघून घ्या. जोराचा वारा किंवा दुरुस्ती असली की तो बंद राहतो, आणि मग समोर दिसणाऱ्या काठाला जायला अँबलसाइडवरून वळसा घालावा लागतो, तोही ऐन गाड्यांच्या रस्त्याने.